तिसरी ते पाचवीच्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचंय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

सेलूकर_गुरुजी

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते पाचवी, आम्ही दोघं शिक्षक. गावातला एक पोरगा पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या ऑफिसात भंगारात निघालेले सहा डेस्कटॉप त्यानं खटपट करून शाळेला मिळवून दिले. विंडोज ७, दोन जीबी रॅम, पण चालू आहेत. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे. नेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही खिडकीपाशी उभं राहिलं तर. लाईटीचं विचारू नका.

तिसरी, चौथी, पाचवी मिळून ३१ पोरं. सध्या पेंटमध्ये झेंडा अन् बैलगाडी काढायलेत. केंद्रप्रमुख म्हणाले, मशीन आल्यात तर कोडिंग घ्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून आहे, त्यामुळं सक्ती कुणाची नाही. पोरांचा उत्साह बघून मलाच वाटायलंय की करावं. पण यूट्यूबवर दहा जण दहा नावं सांगतात. स्क्रॅच, पायथॉन, मायक्रोबिट, रोबोट, काय अन् काय. मला एकच सांगा, सहाही मशीनवर टाकायला काय घेऊ? फुकट पाहिजे आणि नेटशिवाय चाललं पाहिजे.

गोदाकाठ

गुरुजी, स्क्रॅच. त्यात हुकमांचे रंगीत ठोकळे, म्हणजे ब्लॉक, माऊसनं एकमेकांत बसवायचे, की पडद्यावरचं मांजर तसं हलतं. उत्तर सरळ आहे, गोची आवृत्तीत आहे म्हणून जरा लांब लिहितो.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटानं ते बनवलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तुमची तिसरी बरोबर उंबरठ्यावर येते. आज सगळे दाखवतात ते स्क्रॅच ३, २०१९ च्या जानेवारीत आलेलं. त्याचं नेटशिवाय चालणारं ॲप विंडोज १० पासून पुढं चालतं, तुमच्या ७ साठी ते नाही. मधलं स्क्रॅच २ अडोबी एअर ह्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर चालायचं, त्याच्या नादी लागू नका. उरलं १.४. ते एक्सपीवरसुद्धा चालतं आणि दोन जीबीत सुसाट पळतं. त्यात क्लोन, म्हणजे पात्राच्या चालत्या नकला, नाहीत आणि स्वतःचे ब्लॉक बनवता येत नाहीत, पण चौथीच्या पोराला ते लागणारही नाही. उलट एक फायदा आहे. चित्र काढायचा पेन १.४ मध्ये डावीकडं समोरच दिसतो. ३ मध्ये तो खाली कोपऱ्यातल्या एक्स्टेन्शनच्या बटणात जाऊन आणावा लागतो आणि नवा शिक्षक तिथं हमखास अडकतो.

दुसरा रस्ता टर्बोवार्पचा. स्क्रॅच ३ वरूनच केलेलं आहे, दिसतंही तसंच, आणि विंडोज ७ साठी त्याची वेगळी जुनी आवृत्ती मिळते. दोन जीबीत थोडं जड जाईल. आधी एका मशीनवर टाकून बघा.

काहीही घ्या, सहाही मशीनवर एकच आवृत्ती ठेवा. १.४ मधली फाईल ३ मध्ये उघडते, ३ मधली १.४ मध्ये उघडत नाही. एका पोरानं एका मशीनवर केलेलं दुसऱ्यावर उघडलं नाही की रडारड ठरलेली.

लातूरची_आई

गुरुजी, तुमचा धागा बघून बरं वाटलं, कारण मी नेमकी उलट्या बाजूनं पोळलेय. मुलगा तिसरीत असताना एका कंपनीचा ऑनलाईन कोडिंगचा क्लास लावला. पैसे हप्त्यानं भरले. शेवटी त्यानं 'स्वतः बनवलेलं ॲप' म्हणून सर्टिफिकेट आलं. मी त्याला म्हटलं, ह्या बटणाचा रंग बदलून दाखव. त्याला येईना. सगळं आधीच तयार होतं, त्यानं फक्त आपलं नाव टाकलं होतं. आमच्या लातुरात एकदा क्लास म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, तसं झालं.

आता विचारायचं हे की धाकटी पहिलीत आहे. घरी टॅब आहे. तिला काही देता येईल का, की थांबू?

गोदाकाठ

ताई, टॅब असेल तर स्क्रॅच ज्युनिअर. २०१४ मध्ये आलं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी. ब्लॉकवर अक्षर नाही, नुसती चित्रं. बाण उजवीकडं, बाण डावीकडं, उडी, गायब हो. ब्लॉक डावीकडून उजवीकडं जोडत जायचे, वाक्य लिहितो तसे. वाचता न येणारं मूलही करतं. मात्र टॅबच लागेल, सात इंचाच्या खालच्या पडद्यासाठी ते केलेलं नाही, त्यामुळं मोबाईल विसरा.

त्यातली मजा म्हणजे आवाज भरता येतो. माझ्या भाचीनं मांजराला "कामून रडायलीस गं" असं बोलायला लावलं होतं, अख्खं घर ऐकत बसलं. आणि क्लासवाल्यांचं म्हणाल तर तुम्ही घेतलीत तीच परीक्षा सगळ्यांनी घ्यावी. एक गोष्ट बदलून दाखव म्हणायचं. बदलता आलं तर शिकलं.

देवगिरी

माझा मुद्दा कुणाला आवडणार नाही. पाचवीतल्या पोराला धड्यातला एक परिच्छेद धड वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी चुकते आणि आपण चर्चा कसली करतोय, तर स्क्रॅच का टर्बोवार्प. दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहित्या, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. गुरुजी कोडिंगला वेळ कुठून आणणार? सरकारनं अटल टिंकरिंग लॅबसुद्धा, म्हणजे पोरांनी वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा, सहावीपासूनच्या शाळांना दिल्या. प्राथमिकला का दिल्या नाहीत याचा विचार करा.

सेलूकर_गुरुजी

देवगिरी सर, वेळेचं म्हणता ते सोळा आणे खरं आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातला शेवटचा तास मी ठरवलाय. तेवढाच. वाचनाचं मात्र मला उलटं दिसतं. जे पोरगं पुस्तक उघडत नाही ते पडद्यावर 'मागे जा' असं लिहिलेलं असलं तर वाचतं, कारण त्याला त्याचं मांजर मागं न्यायचं असतं.

निवृत्त_गणित

मी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, गणित शिकवून निवृत्त झालो. नातवाबरोबर हे स्क्रॅच प्रकरण बसून पाहिलं आहे. सॉफ्टवेअर कोणतं हा वाद होण्याआधी तुमच्या पोरांना गणितातलं काय येतं ते बघा, कारण सगळं तिथं अडतं.

स्क्रॅचचा रंगमंच ४८० बाय ३६० चा. शून्य मधोमध. डावीकडे उणे २४० पर्यंत, खाली उणे १८० पर्यंत. बहुतेक व्हिडिओ पहिल्याच धड्यात 'अमुक एक्स, अमुक वाय वर जा', म्हणजे मधल्या शून्यापासून आडवं इतकं, उभं इतकं, हा ब्लॉक घेतात. चौथीच्या मुलाला ऋण संख्या कुणी शिकवली आहे? तो उणे १०० कडे बघतो आणि त्याला वाटतं हे वजाबाकीचं गणित अर्धवट राहिलं आहे. तेव्हा एक्स-वाय पाचवीच्या अखेरीपर्यंत काढूच नका. 'इतकी पावलं पुढे' आणि 'इतके अंश वळ' एवढ्यावर वर्ष निघतं. वर गोदाकाठ यांनी सांगितलेल्या स्क्रॅच ज्युनिअरमध्ये ही अडचण नाही, तिथं २० बाय १५ घरांची जाळी आहे आणि एक पाऊल म्हणजे एक घर.

आता कोन. चौरस सगळ्यांना जमतो. १०० पावलं पुढे, ९० अंश वळ, हे चारदा. चार वेळा तेच ब्लॉक लावू द्या, कंटाळू द्या, मग 'रिपीट'चा ब्लॉक दाखवा. त्याची किंमत तेव्हाच कळते. मग सांगा, त्रिकोण काढा. हुशार मूल ६० लिहितं, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशाचा हे त्यानं ऐकलेलं असतं. तीनदा १०० पावलं आणि ६० अंश वळलं तर त्रिकोण होत नाही. तोंड उघडं असलेला, निम्मा षटकोन निघतो. वर्गात एकदम शांतता, मग गलका: 'सर, कॉम्प्युटर चुकला!'

इथं उत्तर सांगायचं नाही. पोराला उठवायचं, जमिनीवर खडूनं त्रिकोण आखायचा आणि त्यावरून चालायला लावायचं. कोपऱ्यावर आल्यावर तोंड किती फिरलं ते बाकीच्यांनी बघायचं. आतला कोन ६० चा, पण अंग फिरतं १२०. मग तेच पोरगं हिशोब लावतं की तीनदा १२० म्हणजे ३६०, चारदा ९० म्हणजे ३६०. आमच्या नातवानं नंतर ३६० वेळा एक अंश लावून वर्तुळ काढलं आणि मलाच विचारलं, आजोबा, खरं वर्तुळ आहे का हे? मी म्हटलं, ३६० बाजूंची आकृती आहे, तूच ठरव.

एवढं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतं ते घ्या. बाकी रंगीत बाहुल्या कितीही असोत.

कासवछाप

गणित सर, तुम्ही हे जे चालून दाखवायचं म्हणता ते स्क्रॅचच्याही आधीचं आहे. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झीग यांनी लोगो ही भाषा केली, त्यातलं कासव हेच करायचं. मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवतं आणि वळतं. आमच्या पिढीनं काळ्या पडद्यावर 'एफडी १००, आरटी ९०', म्हणजे १०० पुढं, ९० अंश उजवीकडं, असं केलेलं आहे.

म्हणून माझं मत केटर्टलला, त्यातही हुकूम टाईप करून असंच कासव चालवायचं. केडीई ह्या फुकट सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींचं आहे, फुकट आहे, लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट प्रणालीवर, एका फटक्यात येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याची छोटी छोटी प्रात्यक्षिकं आहेत. गुरुजी, खरं तर त्या सहाही मशीनवरचं विंडोज ७ काढून हलकं लिनक्स टाका. त्याला मायक्रोसॉफ्टचे अपडेट २०२० मध्येच थांबले. केरळनं सरकारी शाळांत लिनक्स आणून कित्येक वर्षं झाली, तिथल्या पोरांचं काही अडलं नाही. त्यासोबत जीकॉम्प्री हा खेळांचा संच मिळेल, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात माऊस-कीबोर्डचा सराव आहे आणि पेंग्विनला चक्रव्यूहातून माशापर्यंत न्यायचा प्रोग्रॅमिंगचा खेळही आहे. तिसरीला तोच द्या.

गोदाकाठ

कासवछाप, लिनक्सला माझी हरकत नाही, पण केटर्टलमध्ये टाईप करावं लागतं. आम्ही सुट्टीत नांदेडजवळच्या एका गावात मुलांना बसवलं होतं. 'फॉरवर्ड' हा शब्द एका बोटानं शोधत टाईप करायला जो वेळ गेला, त्यात कासव जागचं हललं नाही. एक अक्षर चुकलं की लाल रेघ. स्क्रॅचमध्ये चूक होते ती विचारातली, स्पेलिंगची होऊच शकत नाही. ब्लॉक एकतर बसतो नाहीतर बसत नाही. मराठी माध्यमाच्या पोराला हा फरक फार मोठा आहे. पाचवी-सहावीला, कीबोर्डवर हात बसल्यावर, तुमचं कासव जरूर आणा. पायथॉन ह्या टाईप करायच्या भाषेतही टर्टल, म्हणजे कासव, आहेच, तोच चौरस तिथं पुन्हा काढता येतो.

कासवछाप

मान्य, पण अर्धंच. पोरं टाईप करायला कधीतरी शिकणारच ना? आमचं कुणी सोपं करून दिलं नव्हतं.

बीडचा_मास्तर

म्हणूनच आमच्या बॅचमधले बरेच जण कॉम्प्युटरपासून लांब पळाले, भाऊ. 😀

मी वेगळीच अडचण मांडतो. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. आजी-आजोबांकडं थांबलेली हंगामी वसतिगृहात जेवतात, बाकीची थेट फडावर. मार्चनंतर परत येतात. तेव्हा जूनपासून क्रमानं वाढत जाणारा कोर्स आमच्या कामाचा नाही. प्रत्येक तास स्वतःपुरता पूर्ण पाहिजे. आलेलं पोरगं त्या दिवशी काहीतरी करून गेलं पाहिजे.

त्यामुळं मी निम्मं काम मशीनशिवाय घेतो. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी सुरू केलेलं सीएस अनप्लग्ड म्हणून मशीनशिवाय कॉम्प्युटरचा विचार शिकवणाऱ्या खेळांचा संच आहे, फुकट आहे. त्यातली ठिपक्यांची पाच कार्डं मी पुठ्ठ्यावर केली. १६, ८, ४, २, १. पाच पोरं ओळीनं उभी, कार्ड उघडं किंवा पालथं. म्हटलं, ११ करा. पोरं कुजबुजतात, ८ उघड, २ उघड, १ उघड. मग त्यांच्याच लक्षात येतं की ३१ च्या पुढं जाता येत नाही, अन् नवीन कार्ड आलं तर त्यावर ३२ ठिपके लागतील. ही कॉम्प्युटरची शून्य-एकची मोजणी, पण बायनरी हा शब्दसुद्धा मी वापरत नाही.

दुसरा खेळ आमचा गावठी. शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे. एक पोरगं रोबोट, दुसरं हुकूम देणारं. 'दोन फरशा पुढं, उजवीकडं वळ, एक फरशी पुढं.' हुकूम आधी पाटीवर लिहायचे, सगळे लिहून झाल्याशिवाय रोबोट हलणार नाही. मधे बोललेलं चालत नाही. रोबोट भिंतीला धडकला की पाटीवरची कुठली ओळ चुकली ते शोधायचं. रोबोट झालेली पोरं मुद्दाम जोरात धडकतात, तेवढं सांभाळा.

गुरुजी, तुमच्याकडं सहा मशीन अन् ३१ पोरं. एका मशीनवर पाच बसवली तर माऊस एकाच्याच हातात राहतो, बहुतेक पोराच्या, अन् पोरी मागं उभ्या. निम्मी पोरं फरशीवर, निम्मी मशीनवर, मग अदलाबदल. मशीनवर दोघं-तिघं, एक माऊस धरणार, दुसरं सांगणार. सांगणाऱ्यानं माऊसला हात लावायचा नाही.

पैठणची_मॅडम

बीडच्या सरांच्या फरशीच्या खेळाला जोड देते. मी ठिपक्यांची रांगोळी घेते. ठिपके ५ ते १, एका मुलीनं पाठमोरं बसून सांगायचं, दुसरीनं न बघता काढायची. 'तिसऱ्या ओळीतला दुसरा ठिपका, खालच्या ओळीतल्या दुसऱ्याला जोड.' सांगण्यात कुठं ढिलाई राहिली ते रांगोळी झाल्यावर दिसतं. मुली यात मुलांच्या कितीतरी पुढं असतात, आणि मशीनवर बसल्यावर मागं उभं राहायची भीड उरत नाही.

एक सावधगिरी. स्क्रॅचच्या वेबसाईटवर मुलांची खाती काढायचा मोह होईल, काढू नका. लहान मुलांच्या खात्याला पालकांचा ईमेल लागतो, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीला पालकांची संमती सांगितली आहे. आपण शिक्षकाचाच ईमेल एकतीस वेळा टाकून मोकळे होतो, ते बरं नाही. नेटशिवायच्या आवृत्तीत लॉगिनच नाही, प्रश्नच मिटला.

देवगिरी

फरशीचा खेळ मला पटला. ते गणित आणि भाषाच आहे. याला कोडिंग म्हणून वर अहवाल पाठवा, माझी हरकत नाही.

पुणेकर_मूळचा_हिंगोलीचा

मायक्रोबिटबद्दल कुणीच बोललं नाही. बीबीसीनं २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सातवीच्या मुलांना वाटला तो छोटा बोर्ड. २५ दिवे, दोन बटणं, ब्लॉक लावूनही चालतो. पोरांच्या हातात खरी वस्तू येते. मित्रमंडळीतून चार-पाच घेऊन देऊ शकतो.

सेलूकर_गुरुजी

भाऊ, मनापासून आभार, पण तूर्तास नको. बोर्ड हरवला, वायर तुटली तर इथं दुरुस्त करणारं कुणी नाही, अन् मी बदलून गेलो की ते कपाटात पडतील. द्यायचंच असेल तर एक जुना पण बॅटरी धड असलेला लॅपटॉप द्या. लाईट गेली तरी टीव्हीशिवाय निदान एक गट चालू राहील.

आता झालं काय ते सांगतो. १.४ सहाही मशीनवर टाकलं. टर्बोवार्प एकावर टाकून बघितलं, चालतं, पण उघडेपर्यंत पोरं पांगतात. फरशीचा खेळ आधी घेतला, व्हरांड्यात फरशी नाही म्हणून खडूनं घरं आखली. मशीनवर एक्स-वायचं नाव काढलं नाही. ब्लॉक इंग्रजीतच आहेत, पण पोरं रंगावरून सांगायलेत, 'निळ्यातला दुसरा दे, पिवळ्यात टाक.' चौरस सगळ्यांना आला. त्रिकोणाला गणित सरांनी सांगितलेलं तसंच्या तसं झालं, फक्त आमच्याकडं 'कॉम्प्युटर चुकला' असं कुणी म्हणालं नाही. म्हणाले, 'सर, लाईट कमी असंल.'

तिसरीला मात्र जड जातंय. ९० अंश म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नाही. त्यांना वळायचे ब्लॉक ९० वर ठेवून तयार दिले आणि सांगितलं, आकडा बदलायचा नाही.

निवृत्त_गणित

तिसरीचं बरोबर केलंत. काटकोन म्हणजे वहीचा कोपरा, एवढं पुरे. एक सुचवतो. स्क्रॅचमध्ये सुरुवातीला मांजर उजवीकडे बघत असतं आणि त्या दिशेला ९० म्हणतात, वरच्या दिशेला शून्य. मुलं 'दिशा ९०' आणि 'वळ ९०' यांची सरमिसळ करतात. दिशेचा ब्लॉक सध्या दाखवूच नका.

बीडचा_मास्तर

अन् सेव्हची सवय लावा. नेटशिवायचं स्क्रॅच आपोआप सेव्ह करत नाही. आमच्याकडं लाईट गेली अन् एका पोरीचं नाचणारं गाढव गेलं, ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. दर थोड्या वेळानं मी नुसतं 'सेव्ह!' ओरडतो, सगळा वर्ग मागून ओरडतो. प्रत्येक मशीनवर वर्गाचं एक फोल्डर, फाईलला पोराचं नाव. गुरुजी, तुमचे चौरस-त्रिकोणाचे नमुने मलाही पाठवा, वसतिगृहातल्या पोरांना दाखवतो.

सेलूकर_गुरुजी

पाठवतो की. जिंतूरला एक ओळखीचे शिक्षक येणार आहेत, त्यांच्याबरोबर पेनड्राईव्ह देतो.

गोदाकाठ

पेनड्राईव्ह नको, हात जोडतो. विंडोज ७ च्या मशीनमधून फिरलेला पेनड्राईव्ह म्हणजे शॉर्टकट व्हायरस पोहोच पावतीसह. फाईली इवल्याशा असतात, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका. खिडकीपाशी उभं राहून जातील.